ऑस्ट्रेलियातल्या बुशमधली छोटी पायवाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुश म्हणजे जंगलच ना?

पूर्णपणे नाही. ऑस्ट्रेलियात 'बुश' म्हणजे तिथलीच मूळची झाडं-झुडपं जिथे आपली आपण वाढतात ते रान. त्यात निलगिरीची उंच झाडं आली, खडकाळ माळावरची कमरेएवढी झुडपं आली आणि ओढ्याकाठची नेच्यांनी भरलेली घळही आली. शहराला लागून असलेलं बुशही खरंखुरं असतं. पर्थच्या किंग्ज पार्कचं क्षेत्र सुमारे ४०० हेक्टर आहे आणि त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग मूळ रान आहे. सिडनीच्या दक्षिणेचं रॉयल नॅशनल पार्क १८७९ साली राखीव झालं, आणि तिथे रेल्वेनेही जाता येतं. शहराजवळच्या वाटा छोट्या असतात, पण म्हणून त्यांना बाग समजू नका. साप, गोचीड, वणवा आणि मोबाइलची हरवलेली रेंज या चारही गोष्टी तिथे असू शकतात.

पाटीवर 'ग्रेड २' लिहिलंय. मला झेपेल का?

ऑस्ट्रेलियात पायवाटांना १ ते ५ असे ग्रेड देतात. ग्रेड १ ची वाट सपाट असते, तिला पायऱ्या नसतात, ती ५ किमीपेक्षा लांब नसते आणि सोबत कुणी असेल तर व्हीलचेअरही जाते. ग्रेड २ ची वाट घट्ट दाबलेली असते. तिच्यावर थोडा चढ आणि अधूनमधून पायऱ्या असतात, लांबी १० किमीपर्यंत. ग्रेड ३ पासून छोटे पण उभे चढ, ओबडधोबड जमीन आणि भरपूर पायऱ्या सुरू होतात. ग्रेड ४ आणि ५ च्या वाटांना दिशादर्शक पाट्या कमी किंवा अजिबात नसतात, त्यामुळे त्या अनुभवी लोकांनाच सोडाव्यात.

सवय नसेल तर पहिल्या दोन-तीन वेळा ग्रेड २ ची, ३ किमीच्या आतली आणि गोल फिरून सुरुवातीलाच आणणारी वाट घ्या. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा ग्रेडकडे जास्त लक्ष द्या. ग्रेड ३ चे २ किमी हे ग्रेड १ च्या ५ किमीपेक्षा दमवतात.

सिडनीच्या वाळूखडकाच्या भागात एक गोष्ट हमखास घडते. रस्ते आणि गाड्या लावायच्या जागा डोंगरधारेवर, आणि पायवाट तिथून खाली घळीत उतरणारी. जाताना सगळं सोपं वाटतं, आणि चढ नेमका परतीला, पाणी संपत आल्यावर लागतो. अशा वाटेवर अर्धी ताकद आणि अर्ध्याहून जास्त पाणी परतीसाठी राखून ठेवा.

३ किलोमीटरला किती वेळ धरावा?

बांधलेल्या वाटेवर मोठी माणसं ताशी ४ किमी चालतात, लहान मुलं सोबत असतील तर ताशी २ किमी धरा. एकूण चढाच्या दर १०० मीटरमागे १० मिनिटं वाढवा. म्हणजे १२० मीटर चढ असलेली ३ किमीची वाट मोठ्यांना ४५ अधिक १२, म्हणजे साधारण तासाभराची. थांबून बघायचं असेल (आणि तेवढ्यासाठीच तर जायचं) तर दोन तास हाताशी ठेवा.

कुठल्या वेळी जावं?

उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी लवकर. निलगिरीची पानं लोंबती असतात, कडा सूर्याकडे आणि पातं बाजूला. त्यामुळे झाडाचं पाणी वाचतं, पण खाली चालणाऱ्याला सावली फार विरळ मिळते. 'रान आहे म्हणजे सावली असेल' या हिशेबाने टोपी घरी ठेवणारे दुपारी पस्तावतात.

फुलांसाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ सर्वांत चांगला. वॅटल (बाभळीच्या जातीचं तिथलं झाड) पिवळीधमक फुललेली असते (गोल्डन वॅटल हे १९८८ पासून देशाचं अधिकृत पुष्प आहे), आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तर सप्टेंबरमध्ये जमीन दिसत नाही इतकी रानफुलं येतात.

अंधाराचा अंदाज मात्र नीट घ्या. सिडनीत डिसेंबरमध्ये सूर्य रात्री आठच्या सुमाराला मावळतो, पण जूनमध्ये पाचलाच. आणि घळीत सूर्यास्ताच्या तासभर आधीच काळोख दाटायला लागतो. सूर्यास्ताच्या दोन तास आधी गाडीपाशी परत, असा हिशेब ठेवा.

वणव्याचं कसं कळणार?

निघण्यापूर्वी दोन गोष्टी बघायच्या: त्या दिवसाचं वणवा-धोक्याचं रेटिंग आणि त्या उद्यानाच्या पानावरची 'बंद' सूचना. १ सप्टेंबर २०२२ पासून सगळ्या देशात एकच पद्धत आहे. मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक अशा तिच्या चार पायऱ्या. न्यू साउथ वेल्समध्ये 'हॅझर्ड्स निअर मी', व्हिक्टोरियात 'विकइमर्जन्सी' आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात 'इमर्जन्सी डब्ल्यूए' अशा ॲप किंवा वेबसाइटवर ही माहिती मिळते.

एक्स्ट्रीमच्या दिवशी बुशमध्ये जाऊ नये, वाट उघडी असली तरी. कॅटॅस्ट्रॉफिकच्या दिवशी तर रानाच्या आसपासही थांबायचं नसतं. 'टोटल फायर बॅन' असेल तर उघड्यावर कसलीही आग पेटवायची नाही. छोट्या गॅस शेगडीलाही बहुतेक ठिकाणी बंदी असते, तेव्हा चहा थर्मासमधून न्या.

चालताना धुराचा वास आला तर 'पुढे जाऊन बघू' म्हणू नका. लगेच मागे फिरा. परतीची वाट तोडली गेली असेल तर चढ चढू नका, कारण चढणीच्या दर १० अंशांमागे वणव्याचा वेग साधारण दुप्पट होतो. मोकळी जमीन, रुंद रस्ता, पाणी किंवा आधीच जळून गेलेला पट्टा गाठा आणि ००० या आणीबाणीच्या नंबरला फोन करा.

कपडे आणि बूट कसे हवेत?

बंद बूट किंवा चांगल्या पकडीचे स्पोर्ट्स शूज. तळवा गुळगुळीत झालेले जुने शूज नकोत. निलगिरीची सुकी पानं आणि गळलेली बोंडं उतारावर पायाखाली गोट्यांसारखी घरंगळतात, आणि छोट्या वाटांवर पाय मुरगळायचं नेहमीचं कारण हेच आहे. लांब पँट, लांब बाह्यांचा शर्ट, फिकट रंग. फिकट कपड्यावर चढणारी गोचीड दिसते, गडद कपड्यावर नाही. पूर्व किनाऱ्यावर पँटचे पाय मोज्यात खोचा. दिसायला कसंही असो, उपयोग होतो.

टोपी चारी बाजूंनी कड असलेली हवी, कारण बेसबॉल कॅपने कान आणि मान झाकत नाही. यूव्ही निर्देशांक ३ किंवा त्याहून जास्त असेल तर सनस्क्रीन लागतंच, मग आभाळ भरून का आलेलं असेना. मोठ्या माणसाला साधारण सात चमचे: दोन हातांना दोन, दोन पायांना दोन, पुढे एक, पाठीला एक आणि चेहरा-मान-कानांना मिळून एक. जो भाग कपड्याने झाकलाय त्याचा चमचा वगळा. निघायच्या २० मिनिटं आधी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा.

पिशवीत काय ठेवू?

पाणी, माणशी ताशी अर्धा लिटर, गरम दिवशी जास्त. ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी पिऊ नका, त्यात पोट बिघडवणारे जियार्डियासारखे परजीवी असू शकतात. पूर्ण चार्ज केलेला फोन, त्यात आधीच उतरवून ठेवलेला नकाशा. छोटी टॉर्च. डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं कीटकरोधक. कचऱ्याला एक रिकामी पिशवी. आणि दोन लवचीक बँडेजं, १० ते १५ सेंटिमीटर रुंदीची.

या बँडेजांवर काटकसर करू नका. सर्पदंशासाठी वेगळं बँडेज मिळतं, त्यावर छोटे आयत छापलेले असतात. योग्य ताण दिला की आयताचा चौरस होतो, म्हणजे घाबरलेल्या माणसालाही ताण किती द्यायचा ते डोळ्यांना दिसतं. साध्या क्रेप बँडेजपेक्षा ते कितीतरी चांगलं. वापरायची वेळ बहुधा येणार नाही, पण घरी एकदा कुणाच्या तरी पायावर बांधून बघा.

वाटेच्या तोंडाशी ब्रश आणि स्प्रे ठेवलेला असतो, तो कशासाठी?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि बरेच जण त्या खोक्याच्या बाजूने निघून जातात. खरं तर तुमच्या फेरीतलं सर्वांत महत्त्वाचं काम तिथेच असतं.

फायटोफ्थोरा सिनॅमोमी नावाचा एक सूक्ष्मजीव मातीत असतो. बुरशीसारखा दिसतो, पण ती खरी बुरशी नव्हे. तो झाडांच्या मुळांवर हल्ला करतो, मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. या रोगाला तिथे 'डायबॅक' म्हणतात. बँक्सिया, ग्रास ट्री, पश्चिम ऑस्ट्रेलियातला जारा ही सगळी झाडं त्याची बळी. एकदा तो जमिनीत शिरला की तिथून त्याला काढून टाकायचा उपाय नाही. फॉस्फाइटच्या फवारणीने झाडांना थोडा काळ तग धरता येतो, इतकंच. आणि तो एका रानातून दुसऱ्या रानात जातो तो ओल्या मातीतून, म्हणजे गाडीच्या चाकांना आणि आपल्या बुटांना चिकटून. बुटाच्या खाचेतला एक ढेकूळ त्याला पुरतो.

म्हणून क्रम असा. आधी ब्रशने तळव्याची सगळी माती झाडायची, खाचांतली काडीने उकरून काढायची. ती पाटीपाशीच पडू द्यायची, वाटेवर पुढे नाही. मग तळव्यावर स्प्रे मारायचा, तळवा पूर्ण ओला होईपर्यंत. अर्धा ते एक मिनिट थांबून चालायला लागायचं. उलटा क्रम चालत नाही, कारण औषध मातीच्या थरातून आत पोचत नाही. स्प्रे रिकामा असेल तर ७० टक्के मेथिलेटेड स्पिरिटची छोटी बाटली जवळ असावी. काठीचं टोक आणि बाबागाडीची चाकंही विसरू नका. परत येताना हेच सगळं पुन्हा करायचं, नाहीतर या रानातली माती तुम्ही पुढच्या रानात नेणार.

दुसरा रोग मर्टल रस्ट. ऑस्ट्रेलियात तो २०१० च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा सापडला. निलगिरी ज्या कुळातली, त्याच कुळातल्या झाडांच्या कोवळ्या पानांवर हळदीसारखी पिवळी पूड दिसते. तिला हात लावू नका, ते बीजाणू कपड्यांवरून पसरतात. चुकून अंगाला घासलं गेलंच तर घरी गेल्यावर कपडे आणि टोपी धुवा, अंघोळ करा आणि त्याआधी दुसऱ्या रानात जाऊ नका.

वाटेवर चिखल असेल तर बाजूने गेलं तर काय बिघडतं?

चिखलातूनच जा, वाटेच्या मधोमध. बाजूने दहा माणसं गेली की कडेची रोपटी तुडवली जातात, पुढच्या पावसात तिथेही चिखल होतो आणि मग अकरावा माणूस आणखी बाहेरून जातो. एक फुटाची वाट बघता बघता दोन मीटर रुंद होते. शिवाय साप आणि गोचिडी कडेच्या गवतातच असतात.

साप दिसला तर?

थांबा. मग सावकाश मागे सरका आणि त्याला पाच-सहा मीटर मोकळी जागा द्या. तो निघून जातो. काठीने हुसकावणं, दगड मारणं, जवळून फोटो काढणं, दंश होतात ते असल्या प्रकारांतून. ऑस्ट्रेलियात सगळे साप कायद्याने संरक्षित आहेत, हेही लक्षात असू द्या. वाटेत आडवं पडलेलं खोड आलं तर थेट पलीकडे पाय टाकू नका. वर चढा, पलीकडे बघा, मग उतरा.

आणि चावलाच तर?

दात उमटलेले दिसत नसले, दुखत नसलं, तरी सर्पदंश समजूनच वागायचं. ब्राउन स्नेक या विषारी सापाचा दंश कित्येकदा नुसता ओरखडा दिसतो.

त्या माणसाला जिथे असेल तिथेच झोपवा. एक पाऊलही चालू देऊ नका, कारण स्नायू हलले की विष लसिकावाहिन्यांतून पुढे सरकतं. ००० ला फोन करा. सोबत दुसरं कुणी असेल तर एकाने फोन करावा आणि दुसऱ्याने बँडेज बांधायला घ्यावं.

पहिलं बँडेज दंशाच्या जागेवरून घट्ट गुंडाळा. दुसरं त्याच हाताच्या किंवा पायाच्या बोटांच्या लगेच वरून सुरू करून वरपर्यंत, जांघेपर्यंत किंवा काखेपर्यंत न्या. पँट काढायच्या भानगडीत पडू नका, कपड्यावरूनच बांधा. बँडेजखाली बोट सहज सरकलं तर ते सैल आहे. बोटं निळी-पांढरी पडायला लागली तर फार घट्ट झालंय. मग काठीची खपची लावून तो अवयव सांध्यासकट हलणार नाही असा बांधा. दंशाच्या जागी बँडेजवर पेनने खूण करा आणि वेळ लिहा.

जखम धुवायची नाही, कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने करकचून आवळायची नाही. साप पकडायची किंवा मारून न्यायची गरज नाही. कुठलं प्रतिविष द्यायचं ते रुग्णालयात तपासण्यांवरून आणि लक्षणांवरून ठरतं. तिथे पोचेपर्यंत बँडेज सोडू नका, थोडं बरं वाटतंय म्हणूनही नाही.

कोळ्यांचं काय?

सिडनी आणि आसपासच्या भागात फनेल-वेब हा एकच कोळी गंभीरपणे घ्यावा. त्याच्या दंशाला वरचंच बँडेज आणि तीच घाई. त्याचं प्रतिविष १९८१ पासून उपलब्ध आहे आणि तेव्हापासून त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. रेडबॅक चावला तर बँडेज बांधू नका, त्याने वेदना वाढतात. बर्फ लावून डॉक्टरकडे जा. वाटेवर चेहऱ्याला चिकटणारी मोठी जाळी बहुतेक निरुपद्रवी कोळ्यांची असतात.

गोचीड चिकटली तर चिमट्याने उपटू का?

नको. पूर्व किनारपट्टीवर पॅरालिसिस टिक म्हणून ओळखली जाणारी गोचीड आढळते. तिला चिमट्याने किंवा बोटांनी दाबलं की तिच्या लाळेतली द्रव्यं तुमच्या अंगात टोचली जातात. त्यातून ॲलर्जी होते, कधी जीवावर बेतणारी.

आता सांगितली जाणारी रीत अशी: तिला जागच्या जागी मारायचं. डोळ्यांना नीट दिसणारी मोठी गोचीड असेल तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या, इथर असलेल्या गोठवणाऱ्या स्प्रेने. खसखशीएवढ्या बारीक असतील तर परमेथ्रिन मलम हळूच टेकवून. मग तिला आपोआप गळून पडू द्यायचं. स्प्रे जवळ नसेल तर खाजवू नका, हात लावू नका, दवाखाना किंवा औषधाचं दुकान गाठा. अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा जीभ सुजणं, श्वास लागणं यातलं काही दिसलं तर लगेच ०००. आधीपासून गोचिडीची ॲलर्जी असलेल्याने ॲड्रिनलिन इंजेक्टरशिवाय बुशमध्ये जाऊ नये.

गोचिडीच्या चाव्यानंतर काही जणांना सस्तन प्राण्यांच्या मांसाची ॲलर्जी जडते. जेवल्यानंतर दोन ते सहा तासांनी त्रास होतो, त्यामुळे कारण चटकन लक्षात येत नाही. जिलेटिनचाही काहींना त्रास होतो. असं काही झालं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

मोठ्या गोचिडी वसंतात (तिथे तो सप्टेंबर ते नोव्हेंबर) जास्त भेटतात आणि बारीक अवस्थेतल्या उन्हाळा सरता सरता.

जळवा?

त्रासदायक, पण धोकादायक नाहीत. पावसानंतर ओलसर घळीत भेटतातच. बारीक तोंडाच्या बाजूला नख सपाट सरकवलं की सुटतात. त्यांच्या लाळेने रक्त गोठत नाही, म्हणून तास-दोन तास थोडं वाहत राहतं. स्वच्छ धुऊन पट्टी दाबून बांधा. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, त्यामुळे डोंगराची दक्षिणेची बाजू थंड आणि ओली राहते. नेचे दिसायला लागले की जळवा जवळ आल्या असं समजा.

झाडांपासून काही धोका आहे का?

दोन प्रकारचे. पहिला वरून. निलगिरीच्या मोठ्या फांद्या वाऱ्यात तुटतातच, पण रिव्हर रेड गमसारखी झाडं वारा नसलेल्या कडक उन्हाच्या दिवशीही अचानक फांदी टाकतात. डबा खायला बसताना आधी वर बघा. वाळकी किंवा अडकून लटकलेली फांदी दिसली तर तिथे बसू नका. जोराच्या वाऱ्याच्या दिवशी उंच झाडांची वाट टाळा.

दुसरा खालून, आणि तोही क्वीन्सलंड आणि उत्तर न्यू साउथ वेल्सच्या पावसाळी रानांत. तिथे जिम्पी-जिम्पी नावाचं झुडूप असतं, मोठी, मऊ दिसणारी, हृदयाच्या आकाराची पानं. त्यावरचे काचेसारखे बारीक केस कातडीत रुततात, आणि वेदना दिवसच काय, कधी महिनेही टिकते. लागलं तर चोळू नका. केस काढायची मेणाची पट्टी लावून ओढली की बरेच केस निघतात. त्या भागात जाणार असाल तर पिशवीत दोन पट्ट्या ठेवा.

मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात हे खरं का?

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, घरट्याजवळ, काही नर घालतात. टोपी आणि गॉगल घाला, हात हलवू नका, पळू नका, सरळ चालत पुढे जा. शंभरेक मीटरनंतर तो पाठ सोडतो.

वाट छोटी आहे, मग त्यात बघण्यासारखं काय असणार?

छोट्या वाटेचा फायदाच हा की सगळा वेळ अंतर कापण्यात जात नाही. दर दहा मिनिटांनी एकदा थांबा आणि एकाच गोष्टीकडे हातभर अंतरावरून बघा.

सिडनीच्या खडकाळ पठारावर स्क्रिबली गम नावाची निलगिरी असते, गुळगुळीत पांढरट खोडाची. त्या खोडावर कुणीतरी पेन्सिलीने गिरगटल्यासारख्या तपकिरी रेघा असतात. बरेच जण समजतात की पोरांनी कोरलंय. ते काम एका इवल्या पतंगाच्या अळीचं आहे. अळी जुन्या आणि नव्या सालीच्या मधून पोखरत जाते, आधी लांब लांब हेलकावे घेत, मग आखूड नागमोडी. शेवटी एक वळसा घेऊन ती आल्या वाटेला अगदी चिकटून परत फिरते. म्हणून नीट पाहिलंत तर काही रेघा दुहेरी दिसतात, आणि दुहेरी रेघेच्या एका टोकाला तो वळसा सापडतो. जुनी साल गळली की हे सगळं उघडं पडतं, म्हणजे तुम्ही बघता तेव्हा अळी केव्हाच निघून गेलेली असते. मुलांना वळसा शोधायला सांगा, पण नखाने उकरू देऊ नका.

बँक्सियाचं जुनं कणीस बघा. एका कणसात शेकडो बारीक फुलं असतात, त्यातल्या थोड्यांचीच फळं धरतात. ती लाकडी फळं मिटलेल्या ओठांसारखी दिसतात. कित्येक जातींत ती वर्षानुवर्षं मिटलेलीच राहतात आणि वणव्याची धग लागल्यावर उघडतात, मग बिया राखेच्या मोकळ्या जमिनीवर पडतात. उघडे ओठ दिसले तर आजूबाजूच्या खोडांवर काळं शोधा. वणव्यातून गेलेल्या निलगिरीच्या काळ्या खोडावर थेट सालीतूनच पालवीचे झुपके फुटलेले दिसतात. सालीखाली दडलेले डोळे पान जळल्यावर जागे होतात.

ग्रास ट्री, म्हणजे झँथोरिया, काळ्या खोडावर गवताचा भारा ठेवल्यासारखं झाड. खोड वर्षाला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वाढतं. कमरेएवढं खोड असेल तर ते शंभरीच्या आसपासचं असू शकतं, म्हणून त्याला टेकून फोटो काढू नका.

पक्षी ऐकायला मोबाइल बंद करून पाच मिनिटं उभे राहा. मेलबर्नजवळच्या शेरब्रुक रानात लायरबर्ड दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. एकाच जागेवरून एका मिनिटात चार-पाच वेगवेगळे पक्षी ओरडले तर ते बहुधा तोच एकटा. पक्ष्यांना खायला मात्र काही घालू नका. पाव आणि खिम्याने त्यांच्या हाडांना लागणारं कॅल्शियम कमी पडतं, आणि कुकाबरा माणसाच्या हातातला घास पळवायला शिकतात.

खडकावर कोरलेली चित्रं दिसली. हात लावला तर चालेल?

नाही, आणि त्यांच्यावरून चालायचंही नाही. सिडनीच्या भोवतालच्या वाळूखडकांवर आदिवासी समाजांनी कोरलेले मासे, कांगारू, माणसं आहेत. कु-रिंग-गाय चेस नॅशनल पार्कमध्ये, बेसिन ट्रॅकसारख्या वाटांवर, ती सहज बघता येतात. हा खडक मऊ असतो. एकेका बुटाने थोडा थोडा झिजतो आणि झिजलेली रेघ परत येत नाही. खडूने गिरवणं किंवा पाणी ओतणं यानेही नुकसान होतं, आणि असं नुकसान करणं गुन्हा आहे. चित्र नीट दिसत नसेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी या. तिरप्या उन्हात रेघांमध्ये सावली पडते आणि आख्खा व्हेल मासा खडकावर उमटतो.

कुत्रा, ड्रोन, दोन-चार फुलं?

राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्याला जवळजवळ सगळीकडे बंदी आहे, मदतनीस कुत्र्यांचा अपवाद सोडून. नुसता वास राहिला तरी लहान प्राणी ती जागा सोडतात. शिवाय कोल्ह्यांसाठी पेरलेलं १०८० हे विष कुत्र्याचा जीव घेतं. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, काही राखीव रानांत पट्ट्याला बांधून चालतो, पाटी वाचा. ड्रोनला बहुतेक ठिकाणी परवानगी लागते. फुलं, बिया, दगड, काटक्या काहीच उचलायचं नाही.

मध्येच शौचाला लागलं तर?

निघण्याआधीच जाऊन या. नाइलाज झाला तर पाण्यापासून १०० मीटर लांब, १५ सेंटिमीटर खोल खड्डा करून, नंतर बुजवा. कागद पिशवीत परत न्या.

वाट चुकलो असं वाटलं तर?

थांबा, बसा, पाणी प्या. शेवटची पाटी किंवा खूण कुठे पाहिली ते आठवा. ती दहा मिनिटांच्या आत असेल आणि आलेली वाट स्पष्ट दिसत असेल तरच मागे जा. शॉर्टकट घेऊ नका. सिडनीच्या पठारावर झाडीतून सरळ गेलेला माणूस अचानक कड्याच्या टोकाशी येतो.

वाट सापडत नसेल तर ००० लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर हा फोन लागतो. मोबाइलवरून ११२ ही चालतो. 'इमर्जन्सी प्लस' हे मोफत ॲप आधीच उतरवून ठेवा, त्यात तुमचे अक्षांश-रेखांश दिसतात, ते तसेच वाचून दाखवायचे. फोन केल्यावर जागा सोडू नका.

या सगळ्याच्या आधीची गोष्ट म्हणजे निघताना घरच्या कुणाला तरी वाटेचं नाव आणि 'इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळव' अशी ठरलेली वेळ सांगून जा. आणि परतल्यावर तो फोन न विसरता करा.

आजी-आजोबांना किंवा बाबागाडी घेऊन जाता येईल?

ग्रेड १ ची वाट शोधा, लाकडी फळ्यांची किंवा डांबरी. ओल्या फळ्या घसरड्या असतात, जाळी ठोकलेली नसेल तर पावसात टाळा. व्हिक्टोरियातल्या काही उद्यानांत ट्रेलरायडर नावाची एका चाकाची खुर्ची मिळते. एकाने पुढे आणि एकाने मागे धरली की ती ओबडधोबड वाटेवरही जाते. ती आधी बुक करावी लागते.

घरी आल्यावर काय करायचं?

कपडे धुण्याआधी २० मिनिटं ड्रायरमध्ये गरम फिरवा. गोचिडी धुण्याने मरतीलच असं नाही, कोरड्या उष्णतेने मरतात. अंघोळीच्या वेळी कानांच्या मागे, केसांत, काखेत, बेंबीपाशी, गुडघ्यांच्या मागे आणि जांघेत तपासा. लहान मुलांचं डोकं बोटांनी चाचपून बघा, नुसत्या नजरेने सापडत नाही. बूट उन्हात पूर्ण वाळवा, वाळल्यावर खाचा पुन्हा एकदा ब्रशने साफ करा आणि झडलेली माती बागेत न टाकता कचऱ्यात टाका.